विश्लेषण : निवृत्तीनंतर परदेशात, तेही मोटारीविना... स्वस्त देश शोधावा की चालता येणारी गल्ली?

पेन्शन तेवढीच आणि घरभाडे, औषधे, विमा मात्र दरवर्षी वाढते. या कात्रीत सापडलेले अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेक ज्येष्ठ नागरिक निवृत्तीनंतर परदेशाची वाट धरतात. पोर्तुगाल, स्पेन, थायलंड, मलेशिया, पनामा, इक्वेडोर ही नावे त्यांच्या यादीत हमखास असतात. यातील काहींची आणखी एक अट असते : तिथे मोटार घ्यावी लागू नये. ही अट वरवर हौसेची वाटते. प्रत्यक्षात परदेशातील म्हातारपण परवडणार की नाही, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. तरीही देश निवडताना आधी भाडे पाहिले जाते, मग व्हिसा, मग हवामान. रस्त्याला पदपथ आहे का, हा प्रश्न बहुधा सामान उतरवल्यानंतर पडतो.

मोटारीचा हिशेब कसा?

अमेरिकेतील मोटारचालकांची जुनी संघटना ‘एएए’ दरवर्षी नवी मोटार बाळगण्याचा खर्च काढते. घसारा, विमा, इंधन, देखभाल, कर्जावरील व्याज आणि नोंदणी धरून २०२४ मध्ये हा खर्च वर्षाला १२,२९७ डॉलर होता. दुसरीकडे ‘सोशल सिक्युरिटी’, म्हणजे अमेरिकी सरकारचे निवृत्तिवेतन, जानेवारी २०२५ मध्ये सरासरी १,९७६ डॉलर महिना, अर्थात वर्षाला २३,७०० डॉलरच्या आसपास होते. याचा अर्थ, केवळ सरकारी पेन्शनवर जगणाऱ्याने नवी मोटार ठेवली तर निम्मे उत्पन्न तिच्याच चाकाखाली जाते. जुनी, कर्ज फिटलेली मोटार स्वस्त पडते हे खरे. पण विमा, दुरुस्ती आणि इंधन तिलाही चुकत नाही.

म्हणून ‘अमुक देशात भाडे निम्मे’ ही जाहिरात अर्धीच माहिती देते. भाड्यात महिना पाचशे डॉलर वाचले आणि घर गावाबाहेर असल्याने मोटार घ्यावी लागली, तर ती बचत मोटारच खाऊन टाकते. उलट शहरात थोडे जास्त भाडे देऊन मोटार टाळली, तर पाऊस आला, गुडघा दुखला, सामान जड झाले की टॅक्सी करण्याइतके पैसे हातात राहतात. मोटारीविना राहणे म्हणजे कायम पायपीट करणे नव्हे. टॅक्सीचे भाडे देताना जीव कासावीस होणार नाही इतकी सोय असणे, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

पण वयाचा मुद्दा पैशांपेक्षा मोठा कसा?

वाहन चालवणे कधी तरी थांबते. डोळे, प्रतिक्षिप्त क्रिया, औषधांचे परिणाम यांपैकी काही तरी आडवे येते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरीच्या सुरुवातीला असलेल्या वाहनचालकांचे उरलेले आयुष्य आणि वाहन चालवण्याची उरलेली वर्षे यांची तुलना केली होती. निष्कर्ष असा की, स्टिअरिंग सोडल्यानंतर पुरुष सरासरी सुमारे ७ वर्षे, तर स्त्रिया सुमारे १० वर्षे जगतात. ही वर्षे कुणी तरी नेईल-आणील या भरवशावर काढावी लागतात.

अमेरिकेत मुला-मुलींकडे सहा महिने राहून आलेल्या मराठी आई-वडिलांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. घर मोठे, अंगण मोठे, पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मुलाच्या सुटीची वाट पाहायची. रस्त्याला पदपथ नाही, बस नाही, चालत निघाले तर शेजारी गाडी थांबवून ‘सगळे ठीक ना’ विचारतो. तिथल्या ज्येष्ठांना मोटारीची किल्ली सोडल्यावर हेच जिणे वाट्याला येते, फरक इतकाच की त्यांच्याकडे परतीचे तिकीट नसते. साठीत मोटार चालवता येते म्हणून मोटारीचे गाव निवडणाऱ्याला पंचाहत्तरीत पुन्हा गाव बदलावे लागण्याची शक्यता मोठी. ते वय मात्र नवी भाषा शिकण्याचे आणि नव्याने ओळखी जोडण्याचे नसते.

पेन्शन आणि आरोग्यविमा बरोबर येतो का?

पेन्शन येते, विमा येत नाही. अमेरिकी निवृत्तिवेतन क्युबा, उत्तर कोरिया असे मोजके अपवाद सोडल्यास बहुतेक देशांत मिळते. ‘मेडिकेअर’ हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा मात्र काही तुरळक प्रसंग वगळता देशाबाहेर चालत नाही. इथे एक खाच आहे. हप्ता वाचवण्यासाठी मेडिकेअरचा ‘भाग ब’ बंद केला आणि काही वर्षांनी परतावे लागले, तर बाहेर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो वाढीव हप्ता बहुधा आयुष्यभर भरावा लागतो. परतण्याची वेळ बहुतेकांवर येते ती आजारपणातच.

ब्रिटिशांची अडचण निराळी. त्यांची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण ती पेन्शनर कुठे राहतो यावर. स्पेन, पोर्तुगाल किंवा अमेरिकेत राहणाऱ्याला वाढ मिळते. थायलंड, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि भारतातही राहणाऱ्याची पेन्शन पहिल्या दिवशी होती तिथेच गोठते. वीस वर्षांपूर्वी थायलंडला गेलेला ब्रिटिश ज्येष्ठ आजही वीस वर्षांपूर्वीच्याच पौंडांत जगतो. ‘स्वस्त’ आशियाचा हिशेब त्याच्यासाठी दरवर्षी थोडा थोडा बिघडत जातो, आणि हे कोणत्याही भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही.

व्हिसाच्या अटी काय सांगतात?

अमेरिकेतील २०२५ ची सरासरी पेन्शन, म्हणजे सुमारे १,९७६ डॉलर, समोर ठेवली की दारे कुठे उघडतात ते लगेच दिसते. पनामाच्या ‘पेन्सिओनादो’ व्हिसासाठी महिना १,००० डॉलरची आजीवन पेन्शन पुरते. इक्वेडोर किमान वेतनाच्या तिप्पट उत्पन्न मागतो. २०२५ मध्ये ते १,४१० डॉलर होते. पोर्तुगालचा ‘डी-७’ व्हिसा किमान वेतनाइतके स्थिर उत्पन्न मागतो, २०२५ मध्ये महिना ८७० युरो. थायलंडमध्ये वयाची पन्नाशी आणि बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट लागतात. हे मासिक उत्पन्न दोन हजार डॉलरच्या आसपास जाते, म्हणजे सरासरी पेन्शनरासाठी अगदी काठावर.

स्पेन इथे अनेकांना चकवतो. तेथील शहरे मोटारीविना राहण्यासाठी युरोपात उत्तमांपैकी आहेत, पण नोकरी न करता राहण्याच्या व्हिसासाठी महिना २,४०० युरो दाखवावे लागतात. जोडीदारासाठी आणखी ६००. राहणे परवडते, प्रवेश परवडत नाही, अशी ही गत.

आणि अटी बदलतात, अनेकदा वाईट दिशेने. मलेशियाचा ‘माय सेकंड होम’ हा कार्यक्रम २००२ पासून ज्येष्ठांचा लाडका होता. २०२१ मध्ये परदेशी उत्पन्नाची मासिक अट एकदम १०,००० वरून ४०,००० रिंगिटवर नेण्यात आली. २०२४ मध्ये तीही रचना बदलून तीन श्रेणी आल्या. सर्वांत खालच्या, रौप्य श्रेणीसाठीही दीड लाख डॉलरची ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटच्या घराची खरेदी आली. पोर्तुगालनेही परदेशी पेन्शनरांना दिलेली करसवलतीची जुनी योजना २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केली. केवळ सवलत पाहून देश निवडणाऱ्यांचा पाया इतका भुसभुशीत असतो. करसवलत सरकार एका अधिसूचनेने काढून घेते. घराखालची बेकरी, औषधांचे दुकान आणि बसचा थांबा इतक्या सहजी काढून घेता येत नाही.

पोर्तुगाल मोटारीविना जमतो का?

देशाच्या पातळीवर या प्रश्नाला उत्तर नाही, कारण एकाच पोर्तुगालमध्ये दोन्ही उत्तरे आहेत. दक्षिणेतील अल्गार्व्ह किनारा ब्रिटिश पेन्शनरांचे जुने आवडते ठिकाण. ऊन, समुद्र, इंग्रजी बोलणारे डॉक्टर, सगळे आहे. पण टेकडीवरची पांढरी बंगली, पोहण्याचा तलाव आणि सर्वांत जवळचे दुकान पाच किलोमीटरवर, अशी बरीच वस्ती तिथे आहे. आतल्या भागातील खेड्यांत दगडी घरे स्वस्त मिळतात आणि त्यांची छायाचित्रे मोह पाडतात. ती स्वस्त आहेत कारण तरुण तिथून निघून गेले, दुकाने मिटली, बस कमी झाल्या. मोटारीशिवाय तिथे जाणे म्हणजे सोय जिथून गेली तिथे सोय शोधायला जाणे.

लिस्बनची गोष्ट वेगळी. लिस्बन महानगरातील मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि फेरीबोट या सर्वांचा एकत्रित मासिक पास २०१९ पासून ४० युरोंत मिळतो, ६५ वर्षांवरील व्यक्तींना २० युरोंत. लिस्बन शहरात राहणाऱ्या ६५ वर्षांवरील रहिवाशांना २०२२ पासून शहरातील प्रवास मोफतच आहे. देशाच्या रेल्वेतही ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मे तिकीट पडते. कागदावर याहून चांगले काय हवे?

पण लिस्बन टेकड्यांवर वसले आहे आणि त्याचे पदपथ चुनखडीच्या गुळगुळीत फरशांचे आहेत. पावसात त्या तेल सांडल्यासारख्या होतात. जुन्या मोहल्ल्यांतील पाचमजली इमारतींत अनेकदा लिफ्ट नसते. खिशात मोफत पास, पण थांब्यापर्यंत नव्वद पायऱ्या, अशी अवस्था सत्तरीतल्या माणसाची होऊ शकते. शिवाय गेल्या दशकात लिस्बनची भाडी इतकी वाढली की स्थानिक तरुणांनाच तिथे घर मिळेनासे झाले. बाहेरून आलेल्या पेन्शनवाल्यांबद्दल तिथे जी नाराजी आहे, तिचे मूळ इथे आहे आणि ती नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही.

मग मधला मार्ग कोणता? लिस्बनच्या सपाट उत्तरेकडील मेट्रोलगतच्या वस्त्या, नदीपलीकडची फेरीने जोडलेली गावे, सेतुबाल किंवा ब्रागासारखी मध्यम शहरे. पर्यटकांच्या छायाचित्रांत ही ठिकाणे फारशी नसतात. साठच्या-सत्तरच्या दशकातील कंटाळवाण्या इमारती, पण लिफ्ट असलेल्या. खाली किराणा, समोर बस, दोन चौकांवर आरोग्य केंद्र. म्हातारपणासाठी शहर निवडताना सौंदर्यापेक्षा हा कंटाळवाणेपणा अधिक उपयोगी ठरतो.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया इतके का गाजते?

कारण ते सपाट आहे. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आला. कोरड्या पडलेल्या पात्रातून महामार्ग नेण्याचा घाट होता. नागरिकांनी तो हाणून पाडला आणि तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग झाली. आज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडांखालून, एकही सिग्नल न लागता चालत जाता येते. भोवती मेट्रो, ट्राम आणि बस आहेतच. मात्र ऑक्टोबर २०२४ च्या पुराने याच प्रांतात दोनशेहून अधिक बळी घेतले. वळवलेल्या पात्रामुळे मध्यवर्ती शहर वाचले, पण दक्षिणेकडील उपनगरे बुडाली आणि मेट्रोचे बरेच मार्ग अनेक आठवडे बंद राहिले. भाडे जिथे कमी, ती हीच उपनगरे. हवामानाचा प्रश्न आता देशाचा राहिलेला नाही, तोही गल्लीचा झाला आहे.

आशियात चित्र काय?

भाडे आणि जेवण स्वस्त, डॉक्टर चांगले, पण पदपथ वाईट, असे एका ओळीत सांगता येईल. भारतीय वाचकाला हे चित्र ओळखीचेच वाटेल.

मलेशियातील पेनांग बेटावरचे जॉर्ज टाऊन पाहा. २००८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. जुन्या दुकानवजा घरांपुढे छतासह पाच फूट रुंदीची पडवी ठेवण्याची तिथे परंपरा आहे. उन्हापावसात चालण्यासाठी याहून शहाणी व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण आज त्या पडवीत दुचाकी, टेबले, कुंड्या असतात आणि पादचारी रस्त्यावर. तरीही मध्यवस्तीत मोफत बसफेरी आहे, लिटल इंडियात इडली-डोसा आहे, आणि इंडोनेशियातून रुग्ण येतात अशी खासगी रुग्णालये बेटावरच आहेत. बेटावरील हलक्या मेट्रोचे काम २०२५ मध्ये सुरू झाले. त्यामुळे जॉर्ज टाऊनच्या आत मोटारीविना राहता येते; बेटाच्या टोकावरील समुद्रदर्शनी टॉवरमध्ये नाही.

थायलंडमधील चियांग माईत लाल रंगाच्या ‘सोंगथेव’ गाड्या फिरतात. सातारा-कोल्हापूरकडे जिला वडाप म्हणतात, तीच ही. हात दाखवा, मागे बसा, थोडक्या पैशांत उतरा. अडचण अशी की तिचा ठरलेला मार्ग आणि वेळ नसते, आणि मागच्या फळीवर चढायला गुडघे लागतात. त्यामुळे अनेक परदेशी ज्येष्ठ तिथे गेल्यावर स्कूटर घेतात. रस्ते अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत थायलंड मोडतो आणि तेथील बळींमध्ये दुचाकीस्वारच अधिक असतात. मोटार सोडून साठीत स्कूटर धरणे हा सौदा कुणालाच फायद्याचा नाही. त्यात फेब्रुवारी ते एप्रिल शेतातील आणि जंगलातील आगींचा धूर शहरावर असा बसतो की, जे चालायला तिथे गेले तेच घरात कोंडून घेतात.

बँकॉक महाग, पण तिथे १९९९ पासून उन्नत रेल्वे आहे. गंमत म्हणजे ती सुरू झाली तेव्हा बहुतेक स्थानकांवर लिफ्ट नव्हत्या. अपंग नागरिक न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सर्व स्थानकांवर लिफ्ट बसवण्याचा आदेश दिला. नकाशावर स्थानक आहे म्हणजे ते वापरता येते असे नाही. दादरचा पूल रोज चढणाऱ्यांना हे ठाऊक आहे.

लॅटिन अमेरिकेत कोणती ठिकाणे टिकतात?

इक्वेडोरमधील क्वेंका हे नाव यात वारंवार येते. सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरचे, वर्षभर सुखद हवेचे, चार नद्यांचे शहर. मध्यवर्ती भाग आटोपशीर, २०२० पासून ट्राम आणि ६५ वर्षांवरील नागरिकांना प्रवासभाड्यात निम्मी सवलत. २००० पासून देशाचे चलनच अमेरिकी डॉलर असल्याने अमेरिकी पेन्शनरांना विनिमय दराची धास्ती नाही. ज्यांना ती उंची मानवते त्यांच्यासाठी क्वेंका खरोखर चांगले आहे. हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारलेले बरे. दुष्काळामुळे जलविद्युत घटून २०२४ च्या अखेरीस देशात दिवसाला १४ तासांपर्यंत वीज गेली होती. सातव्या मजल्यावर राहणाऱ्यासाठी लिफ्ट हेच वाहन असते, हे तेव्हा अनेकांना उमगले. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे जानेवारी २०२४ मध्ये सरकारने अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला होता. क्वेंका त्या मानाने शांत राहिले, पण रात्री चालणे हाच ज्याच्या जगण्याचा भाग आहे, त्याने ही बातमी वाचून सोडून देऊ नये.

पनामात पुन्हा एका देशात दोन उत्तरे. डोंगरातील बोकेते गावी अमेरिकी पेन्शनरांची मोठी वसाहत आहे आणि तिच्यातील बरीच घरे उतारावर, गावापासून दूर आहेत. राजधानी पनामा सिटीत २०१४ मध्ये मध्य अमेरिकेतील पहिली मेट्रो सुरू झाली, तिचे तिकीट एका डॉलरच्याही आत आहे. १९८७ च्या कायद्याने ५५ वर्षांवरील स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना बस-रेल्वेत ३० टक्के आणि विमानभाड्यात २५ टक्के सवलत आहे. मात्र दमट उकाडा आणि फुटके पदपथ यामुळे स्थानकापासूनचे अर्धा किलोमीटरही मोठे वाटते.

मग जागा पारखायची कशी?

सर्वांत मोठी चूक म्हणजे घर विकत घेऊन सुरुवात करणे. आधी भाड्याने राहावे, आणि ते सर्वांत वाईट ऋतूत. चियांग माईला मार्चमध्ये, लिस्बनला जानेवारीत, कारण तेथील अनेक घरांत हीटर नसतो आणि भिंती ओल धरतात. व्हॅलेन्सियाला ऑगस्टमध्ये. हिवाळ्यातील दोन आठवड्यांच्या सहलीवर विसंबून उरलेले आयुष्य ठरवू नये.

त्या महिन्यात पर्यटन टाळून नुसती रोजची कामे करावीत. दूध, भाजी, औषधे, बँक आणि टपाल यांपैकी किती ठिकाणी दहा मिनिटांत पोहोचता येते? दहा मिनिटे म्हणजे आजच्या चालीची नव्हे, काठी घेतलेल्या चालीची. पाच किलो सामान घेऊन परत येता येते का? वाटेत बसायला बाक आहे का, सार्वजनिक स्वच्छतागृह आहे का? या दोन गोष्टी कुठल्याही क्रमवारीत मोजल्या जात नाहीत, आणि सत्तरीनंतर माणूस घराबाहेर पडणार की नाही हे त्याच ठरवतात.

बसचे वेळापत्रक मंगळवारी सकाळचे पाहू नये, रविवारी संध्याकाळचे पाहावे. अनेक युरोपीय शहरांत रविवारी फेऱ्या निम्म्यावर येतात. बसची पायरी खालची आहे का, चालक प्रवासी बसेपर्यंत थांबतो का की ब्रेकवरचा पाय लगेच काढतो, हे एका फेरीत कळते. एकदा तरी मोठ्या रुग्णालयात बसने जाऊन यावे. डायलिसिस किंवा केमोथेरपी लागली तर तो प्रवास आठवड्यातून अनेकदा करावा लागेल, आणि रुग्णवाहिका त्यासाठी येत नाही. रात्री नऊला त्या गल्लीतून चालावे, शक्यतो पती-पत्नी दोघांनी वेगवेगळे. स्त्रीचे उत्तर पुरुषाच्या उत्तरापेक्षा वेगळे येऊ शकते आणि दोघांपैकी एक जण शेवटी एकटा राहणार असतो. सांख्यिकीनुसार ती बहुधा स्त्रीच असते.

मोटार नसण्याची आणखी एक बाजू आहे. मोटारीतला परदेशी माणूस परदेशी वसाहतीतच राहू शकतो. आपल्यासारख्यांच्या क्लबात जातो, येतो. बसने जाणाऱ्याला चालकाशी, भाजीवालीशी, औषधवाल्याशी बोलावेच लागते. भाषा शिकणे त्याला टाळता येत नाही. हे कष्टाचे आहे, पण दोन दिवस माणूस दिसला नाही तर भाजीवालीने चौकशी करणे ही सोय कोणत्याही व्हिसासोबत मिळत नाही.

भारतीयांना हे कितपत शक्य?

पर्याय कमी आहेत, पण नाहीत असे नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून शिक्षण व उपचार सोडून इतर कारणांसाठी १० लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशी स्थायिक होऊन अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसासाठी २०२५ मध्ये लागणारे ८७० युरो म्हणजे, युरो शंभर रुपयांचा धरला तर, महिना ८७ हजार रुपये. पेन्शन, घरभाडे, लाभांश असे स्थिर उत्पन्न त्यात धरले जाते. मात्र रुपया युरोच्या तुलनेत घसरत आला आहे. अमेरिकी पेन्शनर स्वस्त देशात जातो. भारतीय पेन्शनर बहुतेकदा स्वतःपेक्षा महाग देशात जातो, हा मूळ फरक विसरता येत नाही.

गोव्याची गोष्ट निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील नागरिकत्व घेता येते आणि अनेक गोवेकरांनी ते घेतलेही आहे. त्यांना व्हिसाची आणि उत्पन्नाची अट लागत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने भारतीय पासपोर्ट मात्र सोडावा लागतो.

उरतो तो सवयीचा भाग, आणि इथे मराठी माणूस अमेरिकी पेन्शनरापेक्षा पुढे आहे. लोकल, बेस्ट आणि एसटीवर आयुष्य काढलेल्याला मोटारीविना कसे जगायचे हे शिकवावे लागत नाही. एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. लिस्बनच्या मोफत पासशी तुलना केली तर कागदावरची सवलत फार वेगळी नाही. फरक थांब्यापर्यंतच्या वाटेत आहे : सलग पदपथ, खालच्या पायरीची बस, सावली, बाक. भारतीय रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली; तोवर पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सूट होती. पोर्तुगालला निघालेल्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या जोडप्याला निम्म्या तिकिटात रेल्वेप्रवास तिथे पुन्हा करता येईल.